मुंग्यांचं शेवटचं कडवं

चोपडे, पेडणे
२० जुलै २०२४

प्रिय सगुण्या,

ताप गेला. डेंगी होता म्हणे. आठ दिवस मी अंथरुणावर आणि गंगा पपईच्या पानांचा रस घेऊन माझ्या उशाशी. त्या रसाच्या चवीला मराठीत विशेषण नाही. चाळीस वर्षं भाषा शिकवलेला माणूस सांगतोय, विश्वास ठेव. रक्त तपासणारा म्हणाला, "सगळं जागेवर आलं, मास्तर. आता नाचा!"

नाचायचं सोडून सोप्यावर बसलोय आणि शापोराची भरती बघतोय. तुला फोन करणार होतो. पण तू "कोण? कोण?" करणार, मी "शंभू! शंभू!" करणार, आणि मागच्या वेळेसारखे शेजारी विचारायला येणार, आज घरात अभिषेक आहे का. त्यापेक्षा टपाल बरं. तीन दिवस लागतात, पण तुझ्या कानांपेक्षा लवकर पोचतं.

एक गंमत सांगतो. परवापासून माझ्या पायांच्या बोटांतून मुंग्यांची वरात निघाली आहे. दोन्ही पायांतून, एकाच वेळी, अगदी शिस्तीत. आणि मला एकदम आपली तिसरी आठवली. पोर्तुगिजांचा अमल, सीमा बंद, पलीकडून पुस्तकंच आली नव्हती. म्हणून हळर्णकर मास्तर स्वतःच कविता रचून फळ्यावर लिहायचे. त्या दिवशी त्यांनी जनेलाच्या गजांशी गुळाचा खडा ठेवला, खऱ्या मुंग्या याव्यात म्हणून, आणि आपण पंचवीस पोरं एका सुरात ओरडत होतो:

मुंग्यांची वरात चढे माडावर,
पायथा सोडून गाठली कंबर...

पुढचं तुला माहीत आहेच. गूळ नाहीसा झाला, तुला छडी बसली, मास्तर इतके चिडले की शेवटचं कडवं न लिहिताच फळा पुसून गेले. चतुर्थीनंतर ते मोरजीच्या शाळेत गेले आणि कडवंही त्यांच्याबरोबर गेलं. अडुसष्ट वर्षं मी विचार करतोय, त्या मुंग्यांचं पुढे झालं काय?

आत्ताही पावलांवर त्या चालताहेत. म्हातारपणी बालपण परत येतं म्हणतात, पण ते तळपायातून येईल असं वाटलं नव्हतं.

तुझा
शंभू


डिचोली
२३ जुलै २०२४

प्रिय शंभू,

ताप गेला, बरं झालं.

आता मुद्द्याचं. वरात नव्हे, रांग! "मुंग्यांची ती रांग चढे माडावर." हे मी तुला मुंजीत सांगितलं, तुझ्या लग्नात सांगितलं, माझ्या निवृत्तीच्या समारंभात माईकवरून सांगितलं. खाणीवरच्या क्रशरने माझे कान नेले, डोकं नेलेलं नाही. अरे, वरात म्हटली की वर पाहिजे. मुंग्यांत नवरामुलगा कोण होता? बँड कोणाचा होता? मास्तर शिस्तीचे माणूस. प्रार्थनेला रांग, घरी सुटताना रांग, छडी खायलाही रांग. त्यांच्या मुंग्या रांगेतच चालणार.

वरात हा शब्द तुझा आहे. तुला लहानपणापासून प्रत्येक गोष्ट जरा सजवून लागते. तुझ्या गणिताच्या वहीतही फुलं असायची, उत्तर नसायचं.

इथे पाऊस थांबत नाही. सून समीक्षा मला जिने उतरू देत नाही. म्हणून तुझ्या पत्रांची वाट बघतो. पुढच्या पत्रात पुढची ओळ लिही, म्हणजे तुझी स्मरणशक्ती तपासता येईल.

तुझा
सगुण


चोपडे
२६ जुलै

प्रिय सगुण्या,

रांग म्हण, वरात म्हण. चढते आहे हे खरं.

पायथा तिने केव्हाच सोडला. काल गुडघ्यांशी होती, आज कंबर गाठली. तू पुढची ओळ मागितलीस, ही घे:

कंबर सोडून चढल्या गळ्याशी,
गूळ म्हणे आहे वरती शेंड्याशी.

काल देवळाच्या पायऱ्यांशी उभा राहिलो तर पाय म्हणाले, "आम्ही काही येत नाही, तू जा वर." मी त्यांना समजावलं, अरे, शहात्तर वर्षं बरोबर आलात, आताच काय झालं? पण नाही. शेवटी खालूनच हात जोडले. आज सकाळी गंगाने चहाचा कोप हातात दिला, तो बोटांनी धरलाच नाही. फुटला. गंगा म्हणाली, "लक्ष खंय असता तुमचां?" लक्ष कोपावरच होतं, सगुण्या. बोटांचंच कुठे होतं कोण जाणे.

इथल्या डॉक्टरांना सांगितलं, पायांत मुंग्यांची वरात निघाली आहे. ते हसले. म्हणाले, "तुमचं बोलणं ऐकत राहावंसं वाटतं, मास्तर. तापानंतरचा अशक्तपणा आहे." आणि शक्तीच्या गोळ्या दिल्या.

मी आता माड झालो आहे. मुळाशी घट्ट, हलता येत नाही. वर नुसता डोलतो.

शंभू

ता. क. अक्षराला हसू नकोस.


डिचोली
२९ जुलै २०२४

प्रिय शंभू,

वा! वा! इतकं सुंदर पत्र तू गेल्या दहा वर्षांत लिहिलं नाहीस. "पाय म्हणाले, आम्ही येत नाही"! चेतनगुणोक्ती! निर्जीवाला सजीव करणे! (पाय तसे निर्जीव नव्हेत, पण मी सोडून दिलं.) "बोटांचं लक्ष कुठे होतं कोण जाणे", हाही तोच अलंकार, जरा नाजूक. आणि शेवटी स्वतःच माड झालास, म्हणजे रूपक. समीक्षाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पप्पा, त्यांना बरं नाहीसं वाटतं." मी म्हटलं, तुम्हा लोकांना कवितेतलं काही कळत नाही.

तुला पाचपैकी चार गुण दिले आहेत. एक अक्षराचा कापला. अरे, हे अक्षर तुझं? ज्या हाताने पोरांच्या बोटांवर पट्टी मारून वेलांट्या सरळ केल्या, त्या हाताच्या ओळी उंडो पाव कापावा तशा तिरक्या? "गळ्याशी" मला "गाळाशी" वाटलं. आळस सोड, बोरू धर.

आता शेंडा राहिला. मुंग्या शेंड्यावर पोचल्या की मला कळव.

तुझा
सगुण


बांबोळी, इस्पितळातून
३ ऑगस्ट

सगुणभावजींस गंगाचा नमस्कार. विनंती विशेष.

तुमचं २९ तारखेचं पत्र आलं तेव्हा हे घरी नव्हते. शेजारच्या परेशने ते इथे आणून दिलं. मी फोडलं, माफ करा. आधी हसू आलं आणि मग तुमच्यावर राग आला. राग अजून आहे.

भावजी, हे कविता करत नव्हते. ह्यांचे पाय गेलेत.

बुधवारी सकाळी हे सोप्यावरून भिंतीला धरून आत येत होते. एक चप्पल पायातून निसटून मागे राहिली आणि हे तसेच पुढे. चप्पल गेली हे ह्यांना कळलंच नाही. मी म्हटलं, माणूस कवी आहे, त्याला कळत नाही हे मी पन्नास वर्षं बघतेय. पण पायाला कळू नये? परेशला हाक मारली, त्याच्या गाडीतून तडक इथे आलो.

इथल्या डॉक्टरीणबाईला हे आपले सांगायला लागले, वरात, माड, शेंडा. मी म्हटलं, "बाय, ह्यांचां सोड. ह्यांची चप्पल गेली नि ह्यांका कळूक नाय." तिने लहान हातोडी घेतली, गुडघ्यावर मारली. पाय जागचा हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारली. तेच. मग तिचं हसू गेलं.

दुखण्याचं नाव दोन परदेशी माणसांचं आहे, गीयां-बारे असं काहीतरी. ती म्हणाली, ताप गेला, पण तापाशी लढायला अंगात जे उठलं होतं ते बसलंच नाही. आता ते ह्यांच्याच नसांवर उलटलंय. विजेच्या वायरीवरचं कव्हर सोलून काढावं तसं चाललंय. कव्हर नाही तर निरोप पोचत नाही. म्हणून डोकं हुकूम देतं आणि पाय ऐकत नाहीत. पाठीतून पाणी काढून तपासलं. पाच दिवस शिरेतून औषध चढवायचं आहे. कालपासून पाणी गिळताना ठसका लागतो. म्हणजे आता गळ्याशी आलंय, भावजी. श्वास अपुरा पडला तर नळी घालावी लागेल. ती म्हणते, श्वास सांभाळला तर माणूस परत येतो. हात-पाय किती येतील आणि केव्हा, हे ती सांगत नाही.

तुम्ही दिलेले चार गुण ह्यांना सांगितले नाहीत.

गंगा


डिचोली
६ ऑगस्ट २०२४

सौ. गंगावहिनींस सगुणचा साष्टांग नमस्कार.

काय लिहू? समीक्षाने तुमचं पत्र वाचून दाखवलं. म्हणजे मोठ्याने ओरडून दाखवलं. सगळ्या आळीला कळलं की मी गाढव आहे.

माझा मित्र मला ओळीओळीतून सांगत होता आणि मी त्याच्या अलंकारांना टिकमार्क करत बसलो होतो. वहिनी, तो नेहमी असंच लिहितो हो! एकदा त्याने लिहिलं होतं, "काळजाला भोक पडलं." मी घाबरून पेडण्याला धावत आलो तर सदरा फाटला होता. त्यामुळे या वेळी मी हुशारी केली.

त्याच्यासाठी एक गोष्ट पाठवतो. आमच्या वर्गातली हौसा पुढे तुमच्या मोरजीच्या शाळेत होती. तिच्या जुन्या वहीत ते हरवलेलं शेवटचं कडवं सापडलं. मी खास माणूस पाठवून लिहून आणलं. शंभूला वाचून दाखवा. त्याला हुरूप येईल.

शेंडाही गाठला, शिरल्या ढगात,
मुंग्यांचा गं डंका वाजला जगात!

त्याला सांगा, मी "वरात" मान्य करतो. लेखी. फक्त त्याने बरं व्हावं.

सगुण


बांबोळी
१२ ऑगस्ट

सगुणभावजी,

नळी घातली आहे. बोलणं बंद. चेहराही हलत नाही, फक्त डोळे हलतात. हो म्हणजे एकदा मिटायचे, नाही म्हणजे दोनदा. पन्नास वर्षांत पहिल्यांदा ह्यांनी माझ्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर दिलं.

कडवं काल म्हणून दाखवलं. डोळे छताकडे लावून पडले होते, ते माझ्याकडे वळले. मला वाटलं दोनदा मिटतील. पण नुसतं पाणी आलं.

हौसाची वही अजून आहे हे ऐकून नवल वाटलं.

तुम्ही या. येताना कविता आणू नका.

गंगा


चोपडे
२ ऑक्टोबर २०२४

प्रिय सगुण्या,

हे पत्र मी सांगतो आहे आणि रेश्मा लिहिते आहे. रेश्मा म्हणजे मला व्यायाम देणारी मुलगी. रोज सकाळी येते, माझा पाय स्वतःच्या हाताने उचलते आणि म्हणते, "काका, आता तुम्ही उचलताय असं मनात आणा." मी मनात आणतो. मनात आणण्यात माझा हात कोण धरणार? पाय मात्र तसाच पडून. (काका, काल अंगठा हलला होता, ते सांगा. रेश्मा.) बरं, काल अंगठा हलला. गंगाने देवापुढे नारळ फोडला. आयुष्यात एवढी पुस्तकं वाचली, एवढी मुलं शिकवली, आणि माझा पहिला नारळ फुटला तो अंगठ्यासाठी.

घरी येऊन आठ दिवस झाले. गंगा एकेक कुलेर पेज भरवते. बोटांत अजून जोर नाही. बसवलं तर बसतो, पण उभं राहणं लांब आहे.

तू इस्पितळात आलास ते सगळं मला आठवतं. तुला वाटलं असेल मी गुंगीत होतो. नळी घशात, मला बोलता येत नव्हतं, तुला ऐकू येत नव्हतं, त्यामुळे आपली भेट बरोबरीची झाली. तू अर्धा तास ओरडून बोललास. शेजारच्या खाटेवरचा बेशुद्ध माणूस डोळे उघडून इकडेतिकडे बघू लागला. त्याच्या बायकोने तुझे पाय धरले आणि नर्सने तुला बाहेर काढलं. मला हसायचं होतं, पण हसू कुठल्या वायरीतून जातं तीच तुटलेली.

आता मनातलं. डॉक्टरीणबाईला मी परवा विचारलं, माझ्याच शिपायांनी मला का मारलं? ती म्हणाली, नक्की कोणी सांगू शकत नाही, पण असं मानतात की कधीकधी विषाणूचा आणि आपल्या नसांचा पोशाख थोडा सारखा असतो. शिपाई चेहरा बघत नाहीत, पोशाख बघून मारतात.

ती हे म्हणाली आणि माझ्या डोळ्यांपुढे निळ्या पट्ट्यांचे दोन सदरे आले. आपल्या दोघांच्या वडिलांनी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून एकाच ताग्याचं कापड आणलेलं. मास्तरांनी जनेलाकडून पळणारा पाठमोरा सदरा बघितला आणि मधल्या सुट्टीनंतर त्या सदऱ्याला चार छड्या मारल्या. आत तू होतास.

गूळ मी खाल्ला, सगुण्या. अख्खा खडा. अडुसष्ट वर्षं हे बोलायचं होतं. नळीतून श्वास घेताना ठरवलं, आवाज परत आला तर आधी हे.

(काका रडताहेत. मी थांबते. रेश्मा.)

पुन्हा सुरू. तुझे उपकार आहेत. त्या कडव्याने मला धरून ठेवलं. गंगा म्हणाली, "सगुणभावजींनी शोधून पाठवलंय," आणि म्हणून दाखवलं:

शेंड्याला ना गूळ, नुसताच वारा,
मुंग्या म्हणतात, चला गं उतरा.

अरे, मी त्या वेळी शेंड्यावरच होतो! वर खरंच काही नसतं रे, नुसता यंत्राचा वारा. त्या दिवसापासून मी रोज मनात त्यांना उतरायला सांगत होतो. आणि उतरल्या की! आधी घसा सुटला, मग चेहरा, मग खांदे. मास्तर नुसते मास्तर नव्हते. हौसाला माझा दंडवत सांग.

तुझा (अंगठा हलवणारा)
शंभू


डिचोली
६ ऑक्टोबर २०२४

प्रिय शंभू,

गूळ तू खाल्लास हे मला त्याच दिवशी माहीत होतं. तू माझ्या बाजूला बसून "बिचारा सगुण" म्हणालास तेव्हा तुझ्या तोंडाला गुळाचा वास येत होता.

मी गप्प राहिलो ते मैत्रीखातर, असं आता मनात आणून रडू नकोस. मला वाटलं होतं, तू अर्धा खडा खिशात ठेवला असशील आणि घरी जाताना मला देशील. दिला नाहीस. म्हणून मी आयुष्यभर "वरात" मान्य केली नाही. खरं सांगायचं तर रांग होती की काय होतं, मला तेव्हाही आठवत नव्हतं.

कडवं आवडलं, आनंद झाला. हौसाला तुझा दंडवत पोचवतो.

पायाला कामाला लाव. अंगठ्याला पाचपैकी पाच.

सगुण


डिचोली
६ ऑक्टोबर २०२४

सौ. गंगावहिनींस नमस्कार.

हे पत्र शंभूला दाखवू नका. वहिनी, मी पाठवलं ते कडवं हे नव्हतं. मी ढगात चढवलेल्या मुंग्या खाली कोणी उतरवल्या?

सगुण


चोपडे
१२ ऑक्टोबर

सगुणभावजी,

तुमचं कडवं मी खाटेशी उभी राहून उघडलं. "शेंडाही गाठला, शिरल्या ढगात." डॉक्टर सांगताहेत वर चढू नये म्हणून देवाची प्रार्थना करा, आणि तुम्ही डंका वाजवून चढवताय! हे मी ह्यांना वाचून दाखवू? कागद तसाच घडी करून पदरात ठेवला आणि मला येत होतं ते म्हटलं.

हो, मला येत होतं. मी मोरजीची, हे विसरलात दोघेही. हळर्णकर मास्तर तुमच्याकडून गेले ते आमच्याच शाळेत. मी तिथे पहिलीत. आमच्याकडेही पुस्तकं नव्हती. आम्हाला त्यांनी ती कविता पुरी शिकवली, कारण आमच्या वर्गात कोणी गूळ खाल्ला नाही. मुलींनी फेर धरून म्हटलीसुद्धा.

लग्नाच्या पहिल्या वर्षी तुम्ही जेवायला आला होता. आठवतं? तुम्ही दोघे पानावर भांडत होता, वरात की रांग. मी आमटी वाढत म्हटलं, मला पुढचं येतं. हे म्हणाले, "आधी मीठ आण." मी मीठ आणलं. त्यानंतर कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मधे मला वाटायचं, सांगावं. पण मग तुम्ही दोघांनी पत्रांत लिहिलं काय असतं?

आणि हौसा वारली त्याला दोन वर्षं झाली. मी तिच्या बाराव्याला गेले होते. पुढच्या वेळी खोटं बोलायचं तर जिवंत माणूस निवडा.

ह्यांना काही सांगू नका. ह्यांना वाटतंय मित्राने पाठवलं. त्या वाटण्यावर पाय हलायला लागलेत. हलू दे.

गंगा


चोपडे, पेडणे
८ डिसेंबर २०२४

प्रिय सगुण्या,

हे अक्षर माझं. गुण कापू नकोस. हे एवढं पत्र लिहायला तीन दिवस लागले. रेश्माने मला रेघांची वही आणून दिली आणि "अ" गिरवायला लावला. ज्याने हजार पोरांकडून कित्ता गिरवून घेतला, तो शहात्तराव्या वर्षी परत पहिलीत. "अ"च्या पोटात अजून वारा भरतो.

आता ऐक. तू आणि गंगा मिळून जे माझ्यापासून लपवताय, ते मला ऑगस्टपासूनच माहीत आहे.

इस्पितळात तिने तुझं पाकीट उघडलं, चष्मा लावला, वाचलं आणि तिचा चेहरा असा झाला, जसा मी बाजारातून नासका बांगडा आणल्यावर होतो. मग तिने कागदाची घडी केली. चष्मा काढून मेजावर ठेवला. आणि मग कडवं म्हटलं. सगुण्या, चष्म्याशिवाय तिला गॅसचं बटण दिसत नाही. हौसाची वही कुठून दिसणार? शिवाय ती वाचत नव्हती, फेर धरल्यासारखी म्हणत होती, मान या खांद्यावरून त्या खांद्यावर. माझे फक्त डोळे चालू होते, म्हणून दिसलं. बाकी अंग चालू असतं तर मी बोलत बसलो असतो आणि बघितलं नसतं, जसं पन्नास वर्षं केलं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यामुळे. कवितेमुळे थोडं. मीठ आठवल्यामुळे जास्त.

बोलायला यायला लागल्यावर लगेच विचारणार होतो. पण ती तुझं नाव घेऊन इतकी छान खोटं बोलत होती की मोडवेना. शेवटी गेल्या आठवड्यात, वही पुढे घेऊन बसलो आणि म्हटलं, "गंगा, मला शुद्धलेखन घाल. मुंग्यांची कविता. पहिल्यापासून." तिने माझ्याकडे बघितलं. मग पदराला हात पुसले, खाली बसली आणि सांगू लागली.

पहिल्याच ओळीला आपण दोघे नापास. वरात नव्हती आणि रांगही नव्हती. "मुंग्यांची ती माळ चढे माडावर." माळ! मी म्हटलं, "माळ कशी असेल?" ती म्हणाली, "तुमका शिकयलेली काय माका?" मी "माळ" लिहिलं.

आणि कडवं संपत नाही रे तिथे. पुढे अजून दोन ओळी होत्या. इस्पितळात त्या तिने म्हटल्या नव्हत्या. मी विचारलं, का? म्हणाली, "तेव्हा माड जाग्यार रवतलो काय ना, खंय ठावक होतां?"

काल रेश्माने मला चौकटीची काठी धरून उभं केलं. पावलं अजून माझी वाटत नाहीत, कोणाची तरी उसनी घातल्यासारखी वाटतात. तळव्यांत मुंग्या थोड्या आहेतच, डॉक्टरीण म्हणते काही राहतीलही. राहू देत, ओळखीच्या झाल्यात. पण चाललो. सोप्यावरून स्वयंपाकघरापर्यंत अकरा पावलं, मधे दोनदा थांबून. फडताळाला धरून उभा राहिलो. समोर डबा होता. बोटांनी झाकण उघडायला वेळ लागला, पण उघडलं, आणि गुळाचा एक खडा तोंडात टाकला.

मागे गंगा उभी होती. म्हणाली, "आता छडी कोणाक बसतली?"

तू ये, सगुण्या. ती पुरी कविता म्हणून दाखवते, फेरासकट. तुला ऐकू येणार नाही, तिच्या मानेकडे बघ. तुझा अर्धा खडा कागदात बांधून ठेवला आहे. आणि त्या दोन ओळी माझ्या हाताने, माझ्या अक्षरात, तुझ्यासाठी:

आल्या तशा गेल्या, माड जागेवर,
गूळ होता घरी फडताळावर.

तुझा
शंभू